झडप घडवण्याचा हुकूम कोणाचा? गर्भातील हृदयाच्या शोधाचा इतिहास (थ्रेड)

१/
इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने उबवणीतील कोंबडीच्या अंड्यांचे निरीक्षण केले. तीन दिवस आणि तीन रात्री लोटल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा एक ठिपका दिसतो व तो सजीवासारखा उसळतो, अशी नोंद त्याने केली. हृदयाच्या जन्माची चौकशी या ठिपक्यापासून सुरू होते.

२/
१६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. रक्त एकाच दिशेने वाहते, या त्याच्या युक्तिवादात झडपांना मोठे महत्त्व होते. परंतु गर्भाचे हृदय आरंभी केवळ एक नळी असते. तिला झडपा नसतात, तरीही ती धडधडते. मग झडपा येतात कोठून?

३/
१९२४ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी सी. एल. डेव्हिस यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयनळीच्या दोन थरांमध्ये असलेल्या गरासारख्या पदार्थाचे वर्णन केले. बाहेर स्नायूंचा थर, आत पेशींचे पातळ अस्तर आणि मध्ये हा गर. झडपेची जागा हीच.

४/
त्याच वर्षी जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. एका न्यूटच्या गर्भाचा छोटा तुकडा दुसऱ्या गर्भात रोवला असता शेजारच्या पेशींनी आपला मार्ग बदलला आणि दुसऱ्या शरीराचा आराखडा उभा राहिला. पेशीचे भवितव्य शेजारीही ठरवतो, हे सिद्ध झाले. हे प्रयोग मांगोल्डच्या डॉक्टरेटचे होते. त्याच वर्षी घरातील शेगडीच्या स्फोटात भाजून तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती जेमतेम पंचविशीत होती. १९३५ चे नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळाले.

५/
हाच विचार पुढे हृदयापर्यंत पोहोचला. १९८३ मध्ये रेमंड रनयन आणि रॉजर मार्कवॉल्ड यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचे तुकडे कोलॅजनच्या गरावर वाढवले. अलिंद व निलय यांमधील अरुंद भागातील अस्तराच्या पेशी तेथीलच स्नायूंच्या सान्निध्यात आपली जागा सोडून गरात शिरल्या. निलयाच्या अस्तराच्या पेशी मात्र शिरल्या नाहीत. निलयाच्या स्नायूंनाही हा हुकूम देता आला नाही. म्हणजे हुकूम देणारा आणि तो पाळणारा, दोघेही ठरावीक जागचेच हवेत.

६/
हुकमाची भाषा रासायनिक होती. १९९१ मध्ये टीजीएफ-बीटा ३ या संकेत-प्रथिनाची निर्मिती रोखल्यावर पेशींचे हे स्थलांतर थांबल्याचे दिसले. एरवी गरात शिरलेल्या पेशींमुळे त्या जागी उशीसारखे उंचवटे भरतात आणि पुढे तेच पातळ होऊन झडपेची दले बनतात.

७/
यात ‘नॉच’ नावाचा आणखी एक संकेत आहे. हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी फळमाशीच्या खाच पडलेल्या पंखावरून आले. २००५ मध्ये काही कुटुंबांतील महाधमनीच्या झडपेच्या आजाराचा माग घेताना ‘नॉच १’ याच जनुकातील बिघाड सापडला. तीनऐवजी दोनच दलांची महाधमनी-झडप शंभरात एक-दोन व्यक्तींमध्ये आढळते. अशा अनेकांना उतारवयापूर्वीच शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते.

८/
माशीच्या पंखाची खाच न्याहाळणाऱ्यांच्या मनात माणसाचे हृदय नव्हते. न्यूटचा गर्भ कापणाऱ्या मांगोल्डच्याही नव्हते. तरी आज एखाद्या कुटुंबात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या का येतो, हे सांगताना वैद्यक याच धाग्यांचा आधार घेते. मांगोल्डला स्वतःच्या प्रबंधाचे पुढे काय झाले, हे पाहता आले नाही. म्हणून झडपेचा इतिहास लिहिताना तिचे नाव वगळू नये.