जांभळाखालचा श्वास

शाळेत मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, की पालक सरसकट म्हणतात, ‘प्राणायाम घेतात.’ पण ही घराणी दोन. प्राणायामात श्वास ओढायचा, कोंडायचा, सोडायचा. हा प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. दुसरं घराणं आनापानाचं. त्यात श्वासाला हातही लावायचा नाही. तो नाकपुडीशी येताजाता नुसता पाहायचा, आणि मन पळालं की न चिडता परत आणायचं.

या दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष चक्क एक लहान मुलगा आहे. मज्झिमनिकायातल्या महासच्चक सुत्तात बुद्ध लहानपणची आठवण सांगतात, की वडील कामात होते, आपण जांभळाच्या गार सावलीत बसलो आणि मन निवलं. तो नांगरणीचा सोहळा होता नि ध्यान आनापानाचं होतं, ही भर जातकांच्या निदानकथेची.

हा लहान मुलगा चित्रातही भेटतो. आपल्या अजिंठ्यात सोळा नंबरचं लेणं आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरवून घेतलं. त्याच्या उजव्या भिंतीवर बुद्धचरित्र रंगवलंय, आणि त्यात शाळेत शिकणारा सिद्धार्थही आहे. रंग पुष्कळ उडालेत. सहलीच्या पोरांना मात्र ही भिंत क्वचितच कुणी दाखवतं. सगळी धाव पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीकडे.

पुढे आनापानाची साधना भारतात मागे पडली, ब्रह्मदेशात टिकली. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका डोकेदुखीने बेजार होऊन 1955 साली ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि 1969 मध्ये हीच विद्या घेऊन भारतात आले. 1976 मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी ध्यानकेंद्र सुरू झालं, दहा वर्षांनी मुलांची शिबिरं. तिथल्या विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांत ‘मित्र उपक्रम’ आणला: रोज दहा-दहा मिनिटं आनापान.

उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये आठ हजारांवर मुलांवर अशाच सजगतेच्या (माइंडफुलनेस) वर्गांची मोठी चाचणी झाली. 2022 चा निकाल थंड होता: मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा फरक नाही, आणि बहुतेकांनी घरी सराव केलाच नाही. मला त्यात नवल वाटत नाही. गुरुजी हजेरीपट भरत असतील, तर मुलं पापण्यांच्या फटीतून शेजाऱ्याकडेच बघणार. गुरुजी स्वतः डोळे मिटून बसणार नसतील, तर ती दहा मिनिटं सरळ खेळाला द्यावीत.