ओळखीची साक्ष आणि ओळखीचा भ्रम

डोळ्यांत आणि कानांत चार बोटांचे अंतर, असे आपले वाडवडील सांगत आले. ऐकलेल्यावर विसंबू नये, पाहिलेल्यावर विसंबावे, हा त्या म्हणीचा निवाडा. न्यायालयांना मात्र दीडदोनशे वर्षांच्या अनुभवातून वेगळेच शिकावे लागले. डोळाही फसतो, आणि फसलेल्या डोळ्याची साक्ष प्रामाणिक असल्यामुळे अधिक घातक ठरते. पोलिसांची ओळख परेड ही पद्धत या अनुभवातून कशी घडली आणि ती कोठे अपुरी पडली, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

परेडीचे स्वरूप साधे आहे. संशयिताला त्याच्याच वयाच्या, बांध्याच्या व पेहरावाच्या अनोळखी माणसांत उभे करतात. साक्षीदाराला एकेकटे आत आणून, पाहिलेला माणूस यांत आहे काय, असे विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयितामागे निदान सहा इतर माणसे हवीत. कोठे उभे राहायचे ते संशयिताने ठरवावे, पंच हजर असावेत, पोलिसांनी तेथून दूर व्हावे. आपल्या चिटगुप्प्यासारख्या तालुक्याच्या गावी हे काम कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांकडे येऊ शकते. ही परेड म्हणजे पुरावा नव्हे, पुराव्याची पारख होय. खरी साक्ष न्यायालयात शपथेवर दिलेली. परेडीतील ओळख तिला केवळ बळकटी देते.

या भागात ओळखीच्या साक्षीचा इतिहास परेडीहून जुना आहे. गुलबर्ग्याजवळच्या सुरपूर संस्थानाचा कारभार पुढे ज्याने पाहिला, तो मेडोज टेलर तरुणपणी निजामाच्या मुलखात पोलिस कामावर होता. ठगांवरील त्याची कादंबरी १८३९ मध्ये निघाली. त्याच दशकात स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम चालवली, तिचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता. पकडलेल्या ठगाने आपले जुने साथीदार ओळखून दाखवायचे, अशी ती रीत. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्याला जन्मठेप ठेवली. म्हणजे बोट ज्याच्याकडे वळले त्याचे आयुष्य संपले. आणि बोट दाखवणाऱ्याला स्वतःचा जीव वाचवायचा होता. ठगांचा बंदोबस्त झाला हे खरे. परंतु वाटेवरचा किती निरपराध वाटसरू त्या बोटाखाली सापडला असेल, हा प्रश्न इतिहासाने मोकळाच ठेवला.

बोट दाखवणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर स्वतंत्र भारतात मुंबईच्या एका खटल्याने दिले. १९५१ च्या एप्रिलमध्ये लॉइड्स बँकेवर दरोडा पडला. त्या खटल्यातील ओळख परेडी पोलिसांनी पंचांच्या समक्ष घेतल्या होत्या. रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५४ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, की बोट दाखवणे, स्पर्श करणे किंवा मान डोलावणे हेदेखील विधानच आहे. ते पोलिसांपुढे झाले, तर पोलिसांपुढे दिलेल्या जबानीसारखेच पुराव्यात अग्राह्य. पोलिस पूर्ण बाजूला झाले आणि सारी कारवाई पंचांनीच पार पाडली, तरच ते ग्राह्य. पंच म्हणून सही करणे हा आपल्याकडे उपचार समजला जातो. या निकालाने तो उपचार राहू दिला नाही. आरोपी आणि पोलिस यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस म्हणजे पंच, असा त्याचा अर्थ आहे.

तरीही नियम पाळल्याचे कागद असले म्हणजे न्याय होतोच असे नाही. महाराष्ट्रातील एक प्रकरण याची साक्ष देते. जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, अत्याचारही झाले. घरची स्त्री आणि तिचा मुलगा जखमी अवस्थेत वाचले. दोनच दिवसांत त्या माउलीने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार माणसे ओळखली. त्या चौघांना अटक झाली नाही. पुढे भटक्या जमातीतील वेगळेच सहा जण धरले गेले, ओळख परेड झाली, आणि त्यांनाही ओळखण्यात आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून सर्वांना निर्दोष सोडले. आधीची छायाचित्रांवरील ओळख अभियोग पक्षाने दडवली, हे त्यात निर्णायक ठरले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश झाला. गेलेली सोळा वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नव्हते, आणि त्या उद्ध्वस्त घरालाही न्याय मिळाला नाही.

त्या माउलीला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. भीतीच्या क्षणी डोळा चेहऱ्यापेक्षा शस्त्राकडे लागतो. नंतर जे दिसते, ऐकू येते, ते मूळ आठवणीत मिसळते. ओळीत कोणीतरी असणारच अशी समजूत झाली, की मन सर्वांत जवळचा चेहरा निवडते. परेड घेणाऱ्याला संशयित ठाऊक असेल, तर त्याच्या नजरेतूनही खूण जाते. म्हणून ज्याला संशयित माहीत नाही अशानेच परेड घ्यावी, असा आग्रह अनेक देशांत धरला जातो. अमेरिकेत डीएनए तपासणीने रद्द झालेल्या शिक्षांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत प्रत्यक्षदर्शींची ओळख चुकलेली होती. इंग्लंडमध्ये अॅडॉल्फ बेक या निरपराध माणसाला १८९६ आणि १९०४ अशी दोनदा दोषी ठरवले गेले, तेही अनेक स्त्रियांनी ओळखल्यामुळे. फौजदारी अपील न्यायालय तेथे १९०७ मध्ये स्थापन झाले, त्यामागे हे प्रकरणही होते.

आपल्याकडे परेडीविषयी स्वतंत्र कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत २००६ पासून अमलात आले. साक्षीदार शारीरिक वा मानसिकदृष्ट्या विकलांग असल्यास दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीची आणि चित्रीकरणाची तरतूद २०१३ मध्ये जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून हेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहे. प्रत्येक परेडीचे चित्रीकरण व्हावे, आधी दाखवलेल्या छायाचित्रांची नोंद आरोपीला मिळावी, ही अपेक्षा महाराष्ट्रातील त्या प्रकरणानंतर अवास्तव वाटू नये.

आपण या मुलखात कधी काळी बाहेरून आलेली माणसे. भाषेवरून, पागोट्यावरून ओळखले जाणे काय असते, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवले असेल. आज घरेदारे, शेतीवाडी, चारचौघांत नाव यांमुळे आपल्याला ओळखणारे पुष्कळ आहेत. पालात राहणाऱ्याला गावात ओळखणारे कोणी नसते; म्हणूनच ओळख परेडीत तो सहज ओळखला जातो. उद्या आपल्यापैकी कोणाला पंच वा साक्षीदार म्हणून बोलावणे आले, तर एवढे स्मरावे. खात्री असेल तर निर्भयपणे सांगावे. नसेल तर ‘मला ओळखता येत नाही’ हेही तितक्याच निर्भयपणे सांगावे. तीही साक्षच आहे.