आधी थांबायला शिका

आरटीओच्या मैदानात दुचाकीवरून आठचा आकडा काढताना पाय टेकला की संपलं. ही धाकधूक व्हिडिओ गेममध्ये आणली ती काझुनोरी यामाउची या जपानी माणसानं. लहानशा चमूच्या पाच वर्षांच्या खटपटीनंतर २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ जपानात प्लेस्टेशनवर आला.

या गेमला दोन घराण्यांचा वारसा आहे. एक नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचं. नामकोचा १९८२चा ‘पोल पोझिशन’ त्यातलाच. तिथं मिनिटा-दोन मिनिटांत थरार उरकायचा, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक नाणं टाकायला मोकळं. दुसरं घराणं घरगुती संगणकावरचं. जेफ क्रॅमंड यांनी बीबीसी मायक्रोसाठी केलेल्या ‘रेव्हज’मध्ये फॉर्म्युला थ्रीची गाडी सांभाळताना नवखा हमखास रस्ता सोडायचा. खरेपणा होता, पण तो मूठभर हौशींपुरता.

यामाउचीनं तो खरेपणा दिवाणखान्यात आणला आणि खेळणाऱ्याला उमेदवारीवर ठेवलं. हाती १०,००० क्रेडिट. तेवढ्यात जेमतेम एखादी सेकंडहँड गाडी यायची. शर्यत जिंकून पैसे मिळवायचे, त्यातून टायर आणि सायलेन्सर बदलायचे, मग वरच्या शर्यतीकडे बघायचं. त्याआधी लायसन: बी, ए, इंटरनॅशनल ए. ही चढण जपानच्या खऱ्या रेसिंग लायसनांवरूनच बेतलेली. प्रत्येक पायरीला आठ परीक्षा, आणि सुरुवातीचा धडा काय, तर गाडी पळवून आखलेल्या चौकटीत नेमकी उभी करा!

यात खोच होती. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. त्यांची पकड वाढते, मागच्यांची सुटते. वळण घेता येणं न येणं या हिशेबावर ठरतं. ज्याला थांबण्याचं गणित कळलं, त्याला वळणाचंही कळू लागलं. नुसता ॲक्सिलरेटर दाबून धरणारा पहिल्याच वळणावर बाहेर.

२००८मध्ये निस्सान आणि सोनीनं ‘जीटी अकॅडमी’ काढून या गेममधले तरबेज खेळाडू खऱ्या ट्रॅकवर उतरवले. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. २०११मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला. पण पहिल्या शर्यतीत उतरण्याआधी त्यालाही शिकवणी घेऊन खरं रेसिंग लायसन काढावं लागलंच. गेममधलं तिथं कोण चालवून घेणार?