श्वसनविषाणूंच्या चाचण्या : तुलना

इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, ॲडेनो, राइनो, करोना इत्यादी विषाणूंचा श्वसनमार्गातील संसर्ग प्रयोगशाळेत ओळखण्याच्या पद्धती. ताप, सर्दी, खोकला ही लक्षणे या सर्वांत जवळपास सारखीच असल्याने केवळ रुग्ण तपासून विषाणू कोणता हे खात्रीने सांगता येत नाही. यांतली सर्वांत चांगली चाचणी कोणती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो मुळातच अपुरा आहे, कारण या चाचण्या एकच गोष्ट शोधत नाहीत. संवर्धनात जिवंत विषाणू सापडतो, अँटिजेन चाचणीत त्याची प्रथिने आणि पीसीआरमध्ये त्याचे जनुकीय द्रव्य. अँटिबॉडी चाचणीत तर विषाणू नसतोच. असते ती शरीराने त्याला दिलेली प्रतिक्रिया.

संवर्धन ही सर्वांत जुनी पद्धत. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णाच्या घशातील स्राव फेरेट या प्राण्याला देऊन माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला. पुढे कोंबडीची फलित अंडी आणि त्यानंतर काचपात्रात वाढवलेल्या पेशी वापरात आल्या. निकालाला काही दिवस, कधी आठवड्याहून अधिक काळ लागतो, म्हणून उपचार ठरवताना तिचा उपयोग फारसा होत नाही. तरीही लसीसाठी वाण निवडणे किंवा औषधाला विषाणू दाद देतो का हे पाहणे यासाठी जिवंत विषाणूच हाती असावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत हे काम चालते. संवर्धनाची मोठी मर्यादा अशी की जे पेशींत वाढत नाही किंवा फार सावकाश वाढते, ते तिला दिसत नाही. मानवी मेटान्यूमोविषाणूचा शोध नेदरलँड्समध्ये २००१ साली लागला; मात्र साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून तो निदान १९५० च्या दशकापासून माणसांत असल्याचे दिसले. राइनोविषाणूचा ‘सी’ गट तर नेहमीच्या पेशींत वाढतच नाही. तो जनुकीय तपासणीतूनच उजेडात आला.

स्रावातील पेशींना चमकणारी अँटिबॉडी लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत काही तासांत उत्तर देते. तिचा दर्जा तपासणाऱ्याच्या सरावलेल्या नजरेवर अवलंबून असतो.

आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या आरएनएची डीएनए प्रत करून ती चक्रागणिक दुप्पट केली जाते. संकेत किती चक्रांनंतर दिसला, तो आकडा म्हणजे सीटी मूल्य. (छातीच्या सीटी स्कॅनशी त्याचा काही संबंध नाही, कोविडकाळात या दोहोंची बरीच सरमिसळ झाली.) साधारण ३.३ चक्रांचा फरक म्हणजे द्रव्यात दसपट फरक. पण स्वॅब कसा घेतला, किट कोणते आणि जनुक कोणते यांवर हा आकडा बदलतो, त्यामुळे दोन प्रयोगशाळांची सीटी मूल्ये शेजारी ठेवून आजाराची तीव्रता मोजणे चूक ठरते. ही चाचणी सर्वांत संवेदनशील आहे आणि तिचा दोषही त्यातूनच येतो : रुग्ण बरा झाल्यावर उरलेले निर्जीव अवशेषही ती काही आठवडे दाखवत राहते.

अँटिजेन पट्टी १५ ते ३० मिनिटांत निकाल देते. इन्फ्लुएन्झाच्या अशा पट्ट्यांच्या अभ्यासांचा २०१२ साली एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात संवेदनशीलता सुमारे ६२ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९८ टक्के आढळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये मान्य केलेल्या पहिल्या कोविड पट्टीची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के नोंदली गेली होती. म्हणून पट्टी पॉझिटिव्ह आल्यास निकाल ग्राह्य धरायचा आणि लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करायची, असा नियम झाला.

हे टक्के साथीच्या ओघापासून तोडून वाचता येत नाहीत. तपासलेल्या १,००० जणांपैकी ३०० जणांना फ्लू असेल, तर ६० टक्के संवेदनशीलता व ९८ टक्के विशिष्टता असलेली पट्टी १८० जणांना बरोबर पकडेल आणि सुमारे १४ जणांना खोटे पॉझिटिव्ह ठरवेल. साथ ओसरून बाधित फक्त १० उरले, तर खरे ६ आणि खोटे सुमारे २० निघतील. पट्टी तीच असली तरी आता तिच्या पॉझिटिव्ह निकालांपैकी बहुतांश खोटे असतात.

रक्तातील अँटिबॉडी आजाराच्या सुरुवातीला सहसा आढळत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत त्यांचे प्रमाण चौपट झाले तरच ताज्या संसर्गाचा पुरावा मिळतो, आणि तोवर रुग्ण बहुधा बरा झालेला असतो. लोकसंख्येत संसर्ग किती पसरला हे मोजणाऱ्या सेरो-सर्वेक्षणांत मात्र याच चाचण्या लागतात.

एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारे पीसीआर संच मोठ्या रुग्णालयांत आता वापरले जातात. ते महाग असतात आणि त्यांचे निकाल वाचणेही सोपे नसते : राइनो किंवा बोकाविषाणू ठणठणीत मुलांच्या नाकातही सापडतो, तेव्हा न्यूमोनियाच्या रुग्णात तो आढळला म्हणून कारण तोच, असे म्हणता येत नाही. उलट विषाणू फुप्फुसात उतरला असेल तर नाकाचा स्वॅब निगेटिव्ह येऊ शकतो. अशा गंभीर रुग्णाचा नमुना श्वासनलिकेतून किंवा फुप्फुसातूनच घ्यावा लागतो.