तेलगिरणीच्या गाळापासून क्रीमच्या डबीपर्यंत

क्रीमच्या डबीवर ‘लेसिथिन’ वाचलं, की जबलपूरच्या रांझीतला काय किंवा पुण्यातला काय, ग्राहक ते हर्बल म्हणून निर्धास्त होतो. आज ते बहुतेक सोयाबीनचंच असतं, पण पहिल्यांदा सापडलं ते अंड्यात. थिओडोर गोब्ली या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते अंड्याच्या पिवळ्या बलकातून वेगळं केलं आणि १८५० मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेलाच्या थेंबांभोवती त्याचं कवच बसलं, की थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि क्रीम फुटत नाही.

अंड्यातलं लेसिथिन महाग पडे. स्वस्ताई आली ती गाळातून. सोयाबीनचं कच्चं तेल ठेवलं, की तळाशी चिकट साका बसतो. गिरणीवाल्यांना ती कटकटच होती. १९२० च्या दशकात हॅम्बुर्गच्या तेल उद्योगाने त्याचा माल केला. गरम तेलात थोडं पाणी मिसळायचं, फुगलेला डिंकासारखा भाग वेगळा काढून सुकवायचा. पद्धत मुळात आजही हीच.

आपल्याकडे एवढं सोयाबीन आलं कुठून? त्याचं उत्तर बरंचसं जबलपुरात आहे. मध्य भारतात काळ्या दाण्याचं ‘कालीतूर’ पूर्वीपासून थोडंफार पिके. १९६४ मध्ये जबलपुरात स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर पिवळ्या दाण्याच्या वाणांच्या चाचण्या घेतल्या. जबलपूरच्या विद्यापीठाचं १९९४ चं ‘जेएस ३३५’ विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पीक वाढलं, गिरण्या आल्या, गाळही आला.

लेसिथिन सुरक्षित आहे का? अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत १५ टक्क्यांपर्यंत त्याला हिरवा कंदील दिला. मात्र ते इतर घटकांनाही त्वचेत शिरायला मदत करतं, म्हणून सोबत काय आहे तेही वाचावं. आणि ‘वनस्पतीजन्य’ या शिक्क्यावर माझा फारसा भरवसा नाही. साखर आणि खोबरेल-पामतेलातली मेदद्रव्यं जोडून कारखान्यात बनणारे अल्किल ग्लुकोसाइड्स हेही वनस्पतीजन्यच. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली त्यांनाच ‘वर्षाचा अॅलर्जीकारक घटक’ ठरवलं. घरी लेसिथिन घोटून क्रीम करणाऱ्यांची अडचण वेगळीच: क्रीममध्ये पाणी असतं, आणि टिकवणारं द्रव्य घातलं नाही तर बुरशी धरते.