एरंडाचा पाला आणि ड्रायक्लीनिंगचं विष

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं गाव. या पट्ट्यात कावीळ झाली की अजूनही कुणीतरी एरंडाच्या कोवळ्या पाल्याचं नाव घेतं, कुणी भुईआवळीचं. रस अनशापोटी घ्यायचा, तेल-तिखट बंद. काही दिवसांत डोळे निवळतात आणि औषध देणाऱ्याचं पंचक्रोशीत नाव होतं. पण दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मग गुण पाल्याचा की शरीराचा? निवाडा करायचा तर एकसारखे आजारी पडलेले, एकच खाणं खाणारे रोगी हवेत, आणि त्यातल्या निम्म्यांना पाला द्यायचाच नाही. माणसांत हे जमणं अवघड, म्हणून प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आला. त्याचं यकृत मुद्दाम बिघडवायला विषही लागलं.

त्या विषाचं, कार्बन टेट्राक्लोराइडचं, कूळ मोठं चमत्कारिक आहे. १८३९ साली फ्रान्सच्या रेन्योनं ते बनवलं. पुढे ते ड्रायक्लीनिंगवाल्यांकडे कपड्यांचे डाग काढू लागलं, आग विझवण्याच्या नळकांड्यांत भरलं गेलं. १९२१ मध्ये अमेरिकेच्या मॉरिस हॉल यांनी ते आतड्यातल्या अंकुशकृमींवर औषध म्हणून पुढे आणलं आणि हजारो माणसांना ते पाजलंही गेलं. काही दगावले, त्यांची यकृतं सडलेली निघाली. औषध म्हणून जे बाद व्हायचं होतं, ते प्रयोगशाळेच्या कामी आलं. १९३६ मध्ये लंडनला कॅमेरॉन आणि सिलोनचे करुणारत्ने यांनी उंदरांना ते वारंवार देऊन यकृत कसं निबर होत जातं आणि पुन्हा कसं भरून येतं, हे टप्प्याटप्प्यानं मांडलं.

तरी यकृत पाहायचं तर उंदीर मारावाच लागे. १९५५ च्या सुमारास कळलं, की यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतली एन्झाइमं रक्तात उतरतात. १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी ती रंगावरून मोजायची स्वस्त रीत दिली. तालुक्याच्या लॅबच्या रिपोर्टवर दिसणारे एसजीओटी, एसजीपीटी ते हेच. (म्हणून उंदीर वाचला असं नाही, शेवटी यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली जातातच.) तुलनेचं माप म्हणून युरोपातल्या मिल्क थिसल या वनस्पतीचं सिलिमरिन ठेवण्याचा रिवाज पडला.

अशीच चौकट घेऊन लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात एरंडाच्या पानांचा अर्क तपासला आणि उंदरांत त्याचा उपयोग दिसला. धारूरच्या डोंगरात माजणाऱ्या सीताफळाचा पालाही इतरत्र असाच तपासला गेला आहे.

मला मात्र या पद्धतीतली एक गोष्ट खटकते. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं जाळत नाही. यकृतातलं एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि ते तुकडे जाळतात. पुष्कळ प्रयोगांत अर्क विषाच्या आधी काही दिवस पाजतात. अर्कानं ते एन्झाइमच मंदावलं तर विष तयारच होणार नाही आणि रिपोर्ट सुरेख येईल. त्यावरून विषाणूच्या काविळीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आता बऱ्याच ठिकाणी पॅरासिटामॉलचा जबर डोस वापरतात, पण तेही यकृतातच विषारी होतं, तेव्हा शंका तशीच राहते. निदान अर्क विषानंतर दिलेला एक गट तरी प्रत्येक प्रयोगात असावा. दिंद्रुडचा रोगी पाल्याकडे वळतो तो डोळे पिवळे झाल्यावरच.