हवस, हौस आणि तलब

उर्दूत हे, वाव आणि सीन ही तीन अक्षरं जोडली की 'हवस' होतो. जेर-जबर लावायची पद्धत रोजच्या लिखाणात नाही, त्यामुळे तीच तीन अक्षरं कुणी 'हौस' अशी वाचली तर लिपी त्याला अडवत नाही. मराठीने ती तशीच वाचली. कोशकारही 'हौस'चं मूळ अरबी 'हवस'मध्येच दाखवतात. अक्षरं तीच राहिली, पण अब्रू मात्र पार बदलली.

अरबीत हवस म्हणजे डोक्यात शिरलेलं खूळ, वेडाची झाक. फारसीत आणि मग उर्दू गझलेत तो इश्काचा हलका सावत्रभाऊ झाला. खरा आशिक एकीकडे आणि 'बुलहवस', म्हणजे नुसता हावरा, दुसरीकडे. तरी जुन्या शायरीत तो फक्त देहाचा शब्द नव्हता. गालिबची एक गझल याच शब्दाने सुरू होते आणि तिथे हवस म्हणजे माणसाची जगण्याची, काही करून दाखवण्याची ओढ आहे. हिंदी सिनेमाने आणि गुन्ह्यांच्या बातम्यांनी पुढे त्याचा एकच अर्थ शिल्लक ठेवला.

मराठीत याच्या उलट झालं. बहमनी काळापासून आलेल्या हजारो फारसी-अरबी शब्दांपैकी बरेचसे दरबाराचे, महसुलाचे, फौजेचे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला तो अशा कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. हौस कारभारातली नव्हती, ती चुलीपाशी आणि जत्रेत जाऊन बसली. लावणीत तिने शरीराची ओढही सांगितली, पण तिला कुणी घराबाहेर काढलं नाही. ज्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला ते माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्या चळवळीनंतरही 'हौसेला मोल नाही' ही म्हण जागची हलली नाही. लोकांनी तर लेकींची नावं हौसाबाई ठेवली. क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या, प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या आणि २०२१ साली वारलेल्या हौसाबाई, याच नावाच्या. उर्दू बोलणाऱ्या घरात मुलीचं नाव 'हवस' ठेवून बघा!

आपल्या पालममध्ये हे दोन्ही शब्द एकाच घरात नांदतात. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, बाजाराची मराठी आणि घरात दखनी. जुम्म्याच्या बयानात 'दुनिया की हवस'वर ताशेरे ऐकून माणूस घरी येतो, तर घरात 'बडी हौस से' शिवलेला लेकीचा जोडा दाखवणं चाललेलं असतं. दोन्हीकडे अक्षरं तीच आहेत, हे दोघांच्याही ध्यानात नसतं.

शौकचा प्रवास उलट्या दिशेचा. इमाम गझालींच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये मुहब्बत आणि शौक यांवर स्वतंत्र किताब आहे. तिथे शौक म्हणजे अल्लाहच्या भेटीची ओढ. मराठीत 'माणूस जरा शौकीन आहे' म्हटलं की ऐकणारा गालात हसतो आणि खिशाचा अंदाज घेतो. आमच्या दखनीत काफचा ख होऊन तो 'शौख' झाला, पण घरात त्याची इज्जत अजून शाबूत आहे.

सर्वांत मोठी पडझड झाली ती 'तलब'ची. तलब म्हणजे मागणं, शोधणं. शिकणारा तो तालिब-ए-इल्म. इल्मची तलब फर्ज आहे, ही हदीस आपल्याकडे प्रत्येक जलशात ऐकवली जाते. मराठीत मात्र तलब येते ती तंबाखूची, चहाची आणि विडीची.

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण एका ठिकाणी मला हसू येत नाही. हौस मराठीत भली झाली, पण त्याची किंमतही तिने मोजली: ती ऐच्छिक झाली. 'हौशी' म्हणजे पोटासाठी न करणारा, आज आहे आणि उद्या नसला तरी चालेल असा. मुलगी दहावी पास होते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, 'शिकायची हौस फिटली ना, आता बस.' हे वाक्य मोमीनांच्या घरात ऐकू येतं तसं मराठा-वंजाऱ्यांच्या घरातही ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. दागिन्याची हौस फिटते, सहलीची फिटते, तशी ही. मुलाच्या कॉलेजबद्दल मात्र 'हौस' हा शब्द सहसा निघत नाही; त्याचं ते 'शिक्षण' असतं.

तालिब म्हणजे मागणारा. विद्यार्थी या शब्दातला 'अर्थी'सुद्धा मागणाराच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता शिकणाऱ्याला एकच नाव दिलं, आणि त्या नावात हौसेचा पत्ता नाही.